कोकणात कुत्र्यांना घेऊन पक्षी बघायला जायचंय, कसं जमवावं?

पडवी | ११ डिसेंबर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

जानेवारीत सहा दिवस सुट्टी मिळतेय आणि आम्ही दोघं पुण्याहून केळशी-आंजर्ले भागात जायचं ठरवतोय. नवऱ्याला आणि मला तीन वर्षांपासून पक्ष्यांचा नाद लागलाय, पाषाण तलाव झाला, कवडीपाट झालं, भिगवण तर दरवर्षीचं, पण समुद्रावरचे पक्षी कधी नीट बसून बघितले नाहीत. प्रश्न असा की बरोबर आमची दोन मुलं आहेत. गुंडी, इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, सहा वर्षांची, आमच्या गल्लीतच जन्मलेली, अतिशय समजूतदार. आणि चिकू, दीड वर्षाचा लॅब (लॅब्राडोर), पाणी दिसलं की तो कोणाचाच नाही. बोर्डिंगचा विषय काढूच नका, मागे एका ठिकाणी ठेवलं होतं तर गुंडी चार दिवस जेवली नव्हती, परत आणली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता, तेव्हाच ठरवलं की सुट्टी घ्यायची ती चौघांनी मिळून.

तर पक्षी आणि कुत्री दोन्ही एका ट्रिपमध्ये होतं का? कोणी केलंय का? कुठे राहावं, बीचवर कधी जावं, काय काळजी घ्यावी, सगळं सांगा. पक्ष्यांना आमच्यामुळे त्रास होऊ नये असं मनापासून वाटतं.

सागरगोटा | ११ डिसेंबर

जा जा बिनधास्त जा. आंजर्ल्याचा किनारा लांबलचक आहे, गर्दी कमी, कुत्र्यांना मोकळं सोडा, जीव हरखून जाईल त्यांचा. आमचा ब्रूनो दरवर्षी जातो.

मधुमालती | ११ डिसेंबर

किती छान! फोटो टाका हं दोघांचे. कुत्र्यांचे आधी, पक्ष्यांचे नंतर :)

टिटवी | १२ डिसेंबर

पडवी, शेवटच्या वाक्यासाठी तुझं कौतुक. पण सागरगोटा यांच्या 'मोकळं सोडा'ला माझा ठाम विरोध आहे, राग मानू नका, कारण सांगते.

जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर जे चिमुकले चिखल्या पक्षी दिसतात ना, वाळूच्याच रंगाचे, ते इथले नाहीत. छोटा चिखल्या लडाख, तिबेट, मध्य आशिया तिकडे उंचावर अंडी घालतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे मध्यम लिंबाएवढं. तेवढ्या जिवावर तो हिमालय ओलांडून येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातो. जायच्या आधी त्याला अंगावर चरबी चढवावी लागते, तीच त्याची पेट्रोलची टाकी. ओहोटीला ओल्या वाळूतले किडे खायचे आणि भरतीला कोरड्या वाळूवर गपचूप बसून राहायचं, एवढंच त्याचं इथलं काम. कुत्रा धावत आला की अख्खा थवा उडतो. आपल्याला वाटतं वा काय सुंदर उडाले, व्हिडिओ काढू. एकदा उडाल्याने काही होत नाही, पण सकाळी एक कुत्रा, दुपारी दुसरा, संध्याकाळी फुटबॉल खेळणारी पोरं, असं दिवसभर चाललं तर तो खाणार कधी आणि बसणार कधी?

मी स्वतः कुत्र्यांत वाढलेय, घरी आत्ता दोन आहेत. तरी पक्षी बघायला जाताना नेत नाही. माझं मत विचारशील तर कुत्र्यांची ट्रिप वेगळी, पक्ष्यांची वेगळी.

सागरगोटा | १२ डिसेंबर

टिटवीताई, राग नाही, पण सगळं कुत्र्यांच्याच माथी का? शनिवार-रविवारी वाळूवर जीपा आणि थार घालतात, डोनट मारतात, घोडागाडी, पॅरासेलिंग, रात्री फटाके. त्यापुढे आमचा ब्रूनो म्हणजे काहीच नाही हो. आणि गावातली मोकाट कुत्री तर चोवीस तास तिथेच असतात, त्यांना कोण दोरी लावणार?

टिटवी | १२ डिसेंबर

गाड्यांबद्दल शंभर टक्के सहमत, त्यावर वेगळा धागा काढा, पहिली सही माझी. पण थारवाला माझं ऐकणार नाही आणि तुम्ही ऐकाल, म्हणून तुम्हाला सांगतेय.

पूर्वाई | १२ डिसेंबर

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. इथे ओशन बीचचा एक पट्टा स्नोई प्लोव्हर नावाच्या चिखल्यासाठी राखलेला आहे, तिथे १ जुलै ते १५ मे कुत्रा दोरीवरच ठेवावा लागतो. पक्षी तिथे अंडीसुद्धा घालत नाहीत, फक्त विश्रांती घेतात, आणि तेवढ्यासाठी वर्षातले साडेदहा महिने नियम. सुरुवातीला मला जाच वाटायचा. मग एकदा दुर्बिणीतून बघितलं, माणसाच्या पावलाने वाळूत जो खळगा पडतो ना, त्यात एकेक प्लोव्हर वाऱ्यापासून आडोसा घेऊन बसला होता. दहा-बारा पावलं, दहा-बारा पक्षी. त्या दिवसापासून माझ्या लिओची दोरी मी घट्ट धरते. आपल्याकडे असा नियम नसला तरी आपण आपल्यापुरता लावून घेऊ शकतोच की.

खाडीकाठ | १३ डिसेंबर

मी दापोली तालुक्यातलाच, आमच्या घरी तीन कुत्री आणि गोठ्यात सात जनावरं. दोन्ही जमतं, फक्त भरती-ओहोटीचं गणित बसवायला लागतं. ते सांगतो, जरा मोठं होईल.

आमचे आजोबा घड्याळ न बघता भरती सांगायचे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे अकरा-बाराच्या दरम्यान. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण ढोबळ हिशेबाला चोख आहे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं.

आता बघा, पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आजूबाजूला आलात तर पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. तेव्हा पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं, पक्षी पार खाली पाण्याच्या कडेला पांगून चरत असतात, आणि वरची वाळू आख्खी रिकामी. कुत्र्यांना तेव्हा फिरवा, सुरूच्या झाडांच्या बाजूने, लांब दोरीवर. पक्षी आणि तुमच्यात शे-दीडशे मीटर सहज राहतात. उलट अकरा-बाराला उधाणाची भरती, पाणी पार वर आलेलं, किनाऱ्याची चिंचोळी पट्टी उरलेली, आणि दिवसभर पांगलेले सगळे पक्षी त्या पट्टीवर गोळा होऊन बसलेले. तोच तुमचा दुर्बीण घेऊन जायचा टाइम. तेव्हा कुत्री घरात पंख्याखाली झोपलेली असली पाहिजेत, नाहीतरी दुपारच्या वाळूने पंजे भाजतात.

अजून एक. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे बारापर्यंत सूर्य पाठीशी राहतो, पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. दुपारनंतर समोरून चकाकी येते, सगळे काळेच दिसतात.

अष्टमी-नवमीला आलात तर नेमकं उलटं होतं, सकाळ-संध्याकाळ भरती, म्हणजे कुत्री फिरवायची वेळ आणि पक्षी बसायची वेळ एकच. ते टाळा.

शिकाऊ | १३ डिसेंबर

बाप रे! हे तिथीचं माहीतच नव्हतं. एकादशीला किती? अकरा पाऊण सव्वाआठ बरोबर ना? आणि कृष्ण पक्षातली तिथी पण तशीच मोजायची का?

खाडीकाठ | १३ डिसेंबर

बरोबर. दोन्ही पक्षांना तेच. भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं आणि पाढा म्हणायचा. पाऊणकीचा पाढा आता शाळेत नाही, तिथेच खोट आहे.

टिटवी | १३ डिसेंबर

खाडीकाठ, हे फार उपयोगी आहे, मी माझं मत बदलते. या वेळा पाळून आणि दोरी लावून जात असाल तर माझी हरकत नाही. वाचनखूण साठवली.

प्राणिवैद्य | १४ डिसेंबर

पेशाने जनावरांचा डॉक्टर आहे, कोकणात सहा वर्षं काढलीत, म्हणून कुत्र्यांच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

गोचीड हा पहिला शत्रू. पावसाळा संपला तरी गवतात असतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप आठ-पंधरा दिवसांनी दिसतो, तोवर लोक ट्रिप विसरून गेलेले असतात. निघायच्या आधी गोचिडाचं औषध द्या, परत आल्यावर कानामागे, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली हात फिरवून बघा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रं मलूल वाटलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर लगेच रक्त तपासा. रेबीज आणि लेप्टोची लस चालू आहे ना बघा.

चिकूसारखा लॅब समुद्राचं पाणी पिणारच. थोडं पोटात गेलं तर जुलाब, जास्त गेलं तर प्रकरण गंभीर होतं. दर दहा मिनिटांनी बाहेर बोलवून गोडं पाणी द्या.

किनाऱ्यावर मेलेला फुगीर, काटेरी मासा दिसला, ज्याला केंड म्हणतात, तर कुत्र्याला शंभर हात लांब ठेवा. त्याचं विष वाळल्यावरही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. मासेमारीच्या जाळ्यातून फेकलेले केंड वाळूवर पडलेले असतात. हे लोकांना माहीतच नसतं म्हणून जोर देऊन सांगतोय.

आणि जानेवारी म्हणजे आंब्याचा मोहोर. तुडतुड्यांसाठी बागांत फवारणी चालू असते. हापूसच्या बागेत कुत्र्याला गवत चघळू देऊ नका, पाटातलं पाणी पिऊ देऊ नका. बागवाल्याला विचारलं तर कधी फवारलं ते तो सांगतो. रानाच्या कडेला डुकरांसाठी फासक्याही लावलेल्या असतात, तारेत पाय अडकून आलेली कुत्री मी बघितलीत. दोरी पक्ष्यांसाठी लावा किंवा कुत्र्यासाठी, पण लावा.

तळाशील | १४ डिसेंबर

पडवीताई, एक गोष्ट ध्यानात ठेवा. रातीचो कुत्र्याक भायर खळ्यात बांधू नकात. आमच्याकडे बिबट्याक सगळे वाघच म्हणतत आणि वाघाक कुत्रो म्हणजे आवडता खाणा. गेल्या पावसात शेजाऱ्याचो मोत्या पडवीतसून गेलो, साखळी तेवढी रवली. तुमी दापोलीच्या बाजूक जातास, थंयसरय वाघ आसा. रातीचा दार लावन आत झोपवा.

पडवी | १४ डिसेंबर

तळाशीलदादा, मोत्याचं वाचून पोटात कालवलं. नक्की आतच झोपवणार. प्राणिवैद्य, केंड माशाचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. खाडीकाठ, तुमच्या सांगण्यावरून नवऱ्याने रजेच्या तारखा बदलल्या, आता पौष पौर्णिमा मध्ये येईल असं जातोय!

राहण्याचं कोणी सांगेल का? तीन ठिकाणी फोन केला, "कुत्री?" म्हणून फोन ठेवला.

मधुमालती | १५ डिसेंबर

अगं फोनवर आधी 'पेट फ्रेंडली आहे का' असं विचारू नकोस, कोकणातल्या घरगुती ठिकाणी तो शब्द चालत नाही. कुत्री कुठे झोपतील, काय खातील, घरात येणार नाहीत, असं नीट सांग. बऱ्याच घरांत देवघर-स्वयंपाकघराचं सोवळं असतं, तिथे कुत्रं शिरलेलं आवडत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बाहेरच्या बाजूने वेगळं दार असलेली खोली माग.

आम्ही गुहागरला गेलो होतो तेव्हा खळं नुकतंच सारवलेलं आणि त्यावर सुपारी वाळत घातलेली. आमच्या शेराने गाडीतून उडी मारली ती थेट त्या सुपारीत, आणि लोळला. काकू ओरडतील म्हणून मी थिजले, तर त्या म्हणाल्या, "असू दे गो, सुपारी धुता येते, पोर दमलंय." दुसऱ्या दिवसापासून शेराला नाचणीची भाकरी आणि ताक. परत निघताना काकूंच्या डोळ्यांत पाणी. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांना फोन करते, पहिला प्रश्न शेराचा.

कातळफूल | १६ डिसेंबर

इथे सगळे किनाऱ्याबद्दलच बोलतायत, सड्याबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो.

किनाऱ्यावरून वर चढलं की जांभा दगडाचं सपाट पठार लागतं, तो सडा. जानेवारीत गवत सोनेरी झालेलं असतं. लोकांना ते ओसाड वाटतं पण चंडोल, टिटव्या, रातवे, शिकारी पक्षी यांचं ते घर आहे. आमची इंडी काळू बरोबर होती, संध्याकाळी उजेड कमी झालेला, दोरीवर चालता चालता ती अचानक थबकली, एक पाय उचललेला, कान पुढे. मी दुर्बिणीने तिच्या नजरेच्या रेषेत बघत गेलो तर चार हातांवर जमिनीला चिकटून रातवा बसलेला! वाळक्या पानांचा तंतोतंत रंग, मी एकटा असतो तर त्याच्यावर पाय दिला असता. काळू हलली नाही, भुंकली नाही, आम्ही मागच्या मागे सरकलो. तो दिवस मी विसरणार नाही. त्यामुळे कुत्रा बरोबर असला की पक्षी दिसतच नाहीत असं मी तरी म्हणणार नाही.

फक्त दोन सूचना. सड्यावर फुरसं असतं, विषारी साप, दगडांच्या फटीत बसतो, कुत्रं हुंगायला नाक घालतं आणि तिथेच घात होतो. वाटेवरूनच चाला. आणि मार्चनंतर टिटव्या उघड्या दगडांत अंडी घालतात, तेव्हा कुत्री सड्यावर नकोतच.

अवांतर: राजापूर-रत्नागिरीकडे जाणार असाल तर कातळशिल्पं बघा. कशेळीला हत्तीची एवढी मोठी आकृती आहे की तिच्या आत इतर प्राणी कोरलेत. मासे, वाघ, पक्षी सगळं आहे या शिल्पांत. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी याच सड्यावर उभं राहून मोर बघत होतं.

शिकाऊ | १६ डिसेंबर

अवांतराला अवांतर: मांडव्याच्या लाँचमधून जाताना सगळे कुरवांना, म्हणजे सीगलना, गाठ्या आणि चिप्स टाकतात, ते चांगलं की वाईट? माझी मुलगी हट्ट करते.

टिटवी | १६ डिसेंबर

नको टाकूस. ते तपकिरी डोक्याचे, काळ्या डोक्याचे कुरव आहेत, हिवाळ्यात डोकं पांढरं पडतं म्हणून ओळखू येत नाहीत, कानामागे काळा ठिपका तेवढा उरतो. लडाख-तिबेट, मध्य आशियाकडून मासे खायला आलेत बिचारे, आणि आपण मीठ-तेल लावलेलं बेसन देतोय. मुलीला दुर्बीण दे आणि सांग, कानामागचा ठिपका शोध. माझ्या भाचीला हे काम दिलं होतं, मांडवा येईपर्यंत तिने त्रेसष्ट मोजले.

अलिबागला जातच असाल तर किहीमला तिला सांग की इथेच सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीचा अभ्यास केला. सुगरण नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन आत शिरून तपासते, पसंत पडला तरच तो पुरा होतो, आणि मग तो दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी! हे त्यांनी तिथे बसून बघून लिहिलं.

सागरगोटा | १७ डिसेंबर

टिटवीताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ब्रूनोसाठी दहा मीटरची दोरी मागवली आहे. तो पन्नास-साठ ग्रॅमचा हिशेब डोक्यातून जात नाही.

टिटवी | १७ डिसेंबर

सागरगोटा, मनापासून आभार. ब्रूनोला माझ्याकडून एक बिस्कीट.

खाडीकाठ | १८ डिसेंबर

रस्त्याचं राहिलं. ताम्हिणी, माणगाव, गोरेगाव, आंबेत, मंडणगड आणि खाली केळशी. ताम्हिणी अभयारण्य आहे, कुत्र्यांना तिथे उतरवू नका, घाट संपल्यावर थांबा. कर्नाळा आणि फणसाडलाही तेच, अभयारण्यात पाळीव कुत्री नेऊ नयेत. बाकी हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला कुरव, घारी, ब्राह्मणी घारी यांची जत्रा असते, एकाने गाडीत कुत्र्यांपाशी थांबा आणि एकाने बघून या, तिथली मोकाट कुत्री बाहेरच्याला उभं करत नाहीत. आसूदला केशवराजच्या वाटेवर पोफळीच्या वाड्यांतून सकाळी सातला चाला. खाली ओढा, थंडावा, स्वर्गीय नर्तक दिसला तर दिवस सार्थकी. माकडांमुळे चिकूला तिथे नेऊ नका असं सुचवतो.

वेळासला जाल तर किनाऱ्यावर कुत्री बिलकुल नकोत. कासवांनी नोव्हेंबरपासून अंडी घालायला सुरुवात केलेली असते, आणि कुत्र्याचं नाक त्या खड्ड्यावर बरोब्बर जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून तिथे काम उभं केलं, नाहीतर कुत्री-कोल्हे आणि माणसं मिळून सगळी अंडी संपली असती. त्याच लोकांनी समुद्र गरुडाच्या घरट्यांच्याही नोंदी केल्यात. उंच झाडावर काटक्यांचा हा एवढा ढीग दिसला तर खालून लांबून बघा, तो वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो.

पडवी | २१ जानेवारी

आलो आम्ही! मोठा वृत्तांत लिहिते, कारण ही ट्रिप या धाग्याचीच आहे.

खोली मिळाली आंजर्ल्याला, मधुमालतीताईंच्या पद्धतीने फोन केला आणि पहिल्याच फोनला हो. मागच्या अंगाला वेगळं दार, वाडीत उघडणारं. काकांनी पहिल्या दिवशी लांबूनच बघितलं, तिसऱ्या दिवशी गुंडी त्यांच्या झोपाळ्याखाली झोपत होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचलो. पहाटे पावणेसहाला चांदण्यात दोघांना घेऊन सुरूच्या कडेने चालायला जायचो, समोर किनारा एवढा रुंद की पाणी फक्त ऐकू यायचं. दोघांना लांब दोरी. गुंडीने समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितला, अर्धा तास नुसती बसून बघत होती, मग हळूच पंजा बुडवला. चिकूला उजाडल्यावर खाडीच्या मुखापासून लांब, पक्षी नाहीत अशा टोकाला, दोरीसकट पाण्यात जाऊ दिलं.

आणि साडेदहाला मी एकटी, कधी आम्ही दोघं, दुर्बीण घेऊन. खाडीकाठदादा, तुमचं गणित मिनिटामिनिटाला बरोबर आलं! पाणी चढत गेलं तसतसे पक्षी वर सरकत आले, आधी वीस, मग पन्नास, मग मोजता येईना इतके. मी वाळूवर पालथी पडून होते, पंचवीस-तीस पावलांवर सगळे एका दिशेला तोंड करून, एका पायावर, डोळे मिटून. छोटे चिखल्या दीडशेच्या आसपास. मधे सुरय (टर्न), आठ-दहा कुरव. एक गडद राखाडी बगळा, गळा पांढरा, पंख अर्धे उघडून उथळ पाण्यात इकडून तिकडे धावत होता, तो कुठला? तिसऱ्या दिवशी समुद्र गरुड डोक्यावरून गेला आणि त्याच्या पायात साप होता, खरंच सांगते, लांब लोंबकळणारा साप. मी ओरडले नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आता चुकलं ते पण सांगायला हवं. चौथ्या दिवशी जेवायची हाक आली म्हणून नवरा मला बोलवायला आला आणि दोघांना घेऊनच आला, वेळ पावणेबारा. चिकूने हार्नेसमधून मान काढली आणि थेट थव्यावर. एका क्षणात वाळू रिकामी. चिकूला काय, त्याला आनंदच झाला होता. पण मी घड्याळ लावलं. थवा पाण्यावरून फेऱ्या मारत राहिला, दोनदा उतरायला आला, दोनदा फिरला, पूर्ण शांत बसायला चोवीस मिनिटं लागली. चोवीस मिनिटं ते पन्नास ग्रॅमचे जीव नुसते उडत होते. टिटवी, तुझी पोस्ट तेव्हा मला शब्द न् शब्द आठवली आणि रडू आलं. दोन दिवस चिकूचा हार्नेस आणि पट्टा दोन्हीला दोरी बांधली.

अजून एक ओळखायचा आहे. पांढुरका, छोटा, काळी चोच, लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचा, लाट आली की उलटा पळायचा, दिवसभर तेच, पाय दिसतसुद्धा नव्हते इतके भरभर. ओल्या वाळूवर त्याच्या ठशांचा फोटो काढलाय, तीनच बोटं आहेत, बाजूला गुंडीचा पंजा.

टिटवी | २१ जानेवारी

पडवी, घड्याळ लावून बसलीस आणि ते इथे लिहिलंस, यासाठी तुला मिठी. चोवीस मिनिटं हा आकडा आता मी सगळ्यांना सांगणार.

बगळा म्हणजे समुद्र बगळा, गडद रूपातला. याचं पांढरं रूपही असतं. पंख उघडून धावणं ही त्याचीच तऱ्हा.

लाटेशी शिवाशिवी खेळणारा तो सँडरलिंग. पार आर्क्टिकवरून येतो. त्याला मागचं बोट नसतं म्हणून तीन बोटांचा ठसा. पण चिखल्यांनाही मागचं बोट नसतं, तेव्हा नुसत्या ठशावरून ठरवू नकोस, पळण्यावरून ठरव. चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो, टोचतो, परत पळतो. सँडरलिंग थांबतच नाही.

पूर्वाई | २२ जानेवारी

ठसा आणि पंजा एकत्र, हा फोटो मला फ्रेम करून हवाय. सँडरलिंग माझ्या इथे पण आहेत, आज सकाळीच बघितले. २०२२ मध्ये गॉडविट नावाचा किनाऱ्यावरचाच एक पक्षी अलास्काहून टास्मानियाला साडेतेरा हजार किलोमीटर न थांबता गेला होता, अकरा दिवस, पाच महिन्यांचं पिल्लू होतं ते. तेव्हापासून वाळूवर कोणी झोपलेलं दिसलं की मी चपला हातात घेते.

प्राणिवैद्य | २२ जानेवारी

वृत्तांत झकास. गोचीड बघितले का?

पडवी | २२ जानेवारी

हो डॉक्टर, गुंडीच्या कानामागे दोन, चिकूला एक. काढले. तारखा लिहून ठेवल्यात, तीन आठवडे लक्ष ठेवते.

शिकाऊ | २३ जानेवारी

हे वाचून आमचंही ठरलं, मी, नवरा, मुलगी आणि आमची बीगल. मार्चमध्ये फाल्गुन पौर्णिमा सोयीची पडतेय, तेव्हा जाऊ का? गणित तर बरोबर बसतंय.

खाडीकाठ | २३ जानेवारी

अहो, फाल्गुन पौर्णिमेला आमच्याकडे शिमगा! पालख्या नाचतात, रात्रभर ढोल, होळीचा होम, बोंबा, फटाके. तुम्ही जरूर या, पालखी नाचवायला लावतो तुम्हाला. बीगलला मात्र तो आवाज सोसणार नाही, कोपऱ्यात थरथरत बसेल.

पुढच्या अमावस्येला या. वेळा त्याच, गाव शांत, काजू धरलेला असेल. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळ-संध्याकाळ बघायला मिळतील, तेवढा वेळ कुत्रीला आमच्याकडे ठेवा, आमच्या तिघांची ओळख होईल. मार्चअखेरीस चिखल्या जायच्या तयारीत असतात, तेव्हा अकरा ते एक किनाऱ्यावर फक्त दुर्बीण.

शिकाऊ | २३ जानेवारी

अमावस्या पक्की. मुलगी आत्ताच पाऊणकी पाठ करायला बसली आहे, "पाच पाऊण पावणेचार" पर्यंत पोचली.